उपचारातून आलेला रक्तक्षय कुणाच्या खात्यात?

कॅन्सरवर उपचार चालू असलेला माणूस आज आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत आहे. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची सून. पूर्वी या रोगाचे नाव घ्यायलाही लोक कचरत असत. आता निदान होते, योजनेची मंजुरी मिळते, केमोचे डोस सुरू होतात. ही जमेची बाजू आहे. परंतु दोन-तीन डोस झाले की अनेक घरांतून एकच वाक्य ऐकू येते : "डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, डोस पुढे ढकलला." मग धावपळ सुरू होते. कुणी बीट आणतो, कुणी डाळिंब आणतो, कुणी गोळ्या आणतो, कुणी रक्तदाता शोधत फिरतो. डोस मात्र आठवडा-दोन आठवडे लांबतो आणि रोगाला तेवढी सवड मिळते.

हा रक्तक्षय रुग्णाच्या नशिबाने आलेला नाही आणि त्याच्या हलगर्जीनेही आलेला नाही. तो औषधाने आणला आहे आणि तो येणार हे औषध देणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. उपचारातून येणारा रक्तक्षय हा उपचाराचाच भाग आहे. त्याची माहिती, त्याची तपासणी आणि त्यासाठी लागणारे रक्त ही उपचार देणाऱ्या व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती रुग्णाच्या नातेवाइकांच्या डोक्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

हे कसे घडते ते आधी समजून घेऊ. आपल्या रक्तातील लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. त्या सुमारे १२० दिवस जगतात आणि शरीरभर प्राणवायू पोचवतात. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी झपाट्याने वाढते, म्हणून ती मरते. पण अस्थिमज्जेतील पेशीही झपाट्यानेच वाढतात, त्याही सापडतात. पांढऱ्या पेशी लवकर घटतात. लाल पेशींचे आयुष्य जास्त असल्यामुळे त्यांची तूट हळूहळू साचत जाते आणि काही डोसांनंतर ठळकपणे दिसते. सिस्प्लॅटिनसारखे औषध मूत्रपिंडालाही इजा करू शकते. लाल पेशी तयार करा असा निरोप अस्थिमज्जेला देणारे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. तिथेच बिघाड झाला तर तो निरोपही कमी पडतो. शस्त्रक्रियेतील रक्तस्राव, तोंड आल्यामुळे तुटलेले जेवण आणि खुद्द कॅन्सर यांचीही त्यात भर पडते.

आता हा घाव कोणत्या शरीरावर पडतो ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के निघाले. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होते. म्हणजे राज्य पुढे गेले आणि बायांचे रक्त मागे गेले! ज्या बाईचे हिमोग्लोबिन उपचारापूर्वीच नऊ आहे तिला आणि तेरा असलेल्या बाईला एकच औषध दिले, तर दोघी एकाच ठिकाणी पोचणार नाहीत. एकीला थकवा येईल, दुसरीचा उपचारच थांबेल. केमोच्या खुर्चीवर बसण्यापूर्वीच गरिबी आपला हिस्सा वसूल करून बसलेली असते.

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे एक भगिनी आल्या होत्या. कंत्राटावर झाडलोटीचे काम, स्तनाचा कॅन्सर, चौथ्या डोसाच्या वेळी हिमोग्लोबिन सात. त्या आमच्याकडे आल्या त्या रोगासाठी नव्हे, तर कंत्राटदाराने कामावरून कमी केले म्हणून. बोलता बोलता कळले की जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरात मात्र "बाई आता आळशी झाली" असे बोलणे ऐकावे लागते. डोसापूर्वी औषधाने केस जातील हे त्यांना सांगितले गेले होते. रक्त उतरेल हे कुणी सांगितले नव्हते. त्यामुळे आपलीच काही चूक झाली असे त्या धरून चालल्या होत्या. या गैरसमजाने त्यांनी तीन आठवडे धाप लागल्याचे कुणाला सांगितलेच नाही.

म्हणून सर्वप्रथम घरातल्या माणसांशी बोलले पाहिजे. केमो चालू असलेल्या माणसाचा थकवा हा झोपेने जाणारा थकवा नसतो. थोडे चालल्यावर धाप, छातीत धडधड, चक्कर, डोकेदुखी, थंडी वाजणे ही रक्त उतरल्याची लक्षणे असू शकतात. सावळ्या वर्णाच्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिकेपणा कळत नाही. खालची पापणी ओढून आतला भाग पाहा, जीभ पाहा, नखे पाहा, तळहात पाहा. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा काळी शौच होत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप आला तरीही हाच नियम, कारण तेव्हा पांढऱ्या पेशीही कमी असू शकतात.

खाण्यापिण्याबाबत आपल्याकडे समजुती फार. बीट लाल म्हणून रक्त वाढते, डाळिंब लाल म्हणून रक्त वाढते! रंगाने रक्त वाढत नाही. या दोन्हींत लोह बेताचेच असते. मटण, कलेजी, मासे यांतील लोह शरीर सहज शोषून घेते. डाळी, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, अळीव यांतही लोह आहे, ते लिंबू किंवा आवळ्यासोबत अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण घटते, म्हणून चहा तासभर लांब ठेवावा. आपल्या घरांत मटण-मासे वर्ज्य नाहीत. तरीही आजारी माणसाला "उष्ण पडेल" म्हणून नुसत्या पेजेवर ठेवणारे लोक आहेत. डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केली नसेल तर हे पथ्य सोडा. मात्र या काळात अन्न ताजे आणि पूर्ण शिजलेले असावे, कच्चे-अर्धकच्चे टाळावे.

पण खाण्यानेच सर्व भरून निघेल असेही कुणी समजू नये. अस्थिमज्जाच दबलेली असेल तर नुसत्या लोहाने लाल पेशी तयार होत नाहीत. लोह खरोखर कमी आहे की बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी आहे, हे तपासणीतूनच कळते. दुकानातून मनाने आणलेली लोहाची गोळी, कुणा वैदूने दिलेले भस्म किंवा बाबाचा अंगारा यांतून केवळ वेळ जातो. गोळी घेतलीच तर डॉक्टरांना दाखवून घ्या. विश्रांती हवी, पण दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्याने थकवा वाढतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडे चालावे. पाणी भरणे, उचल-ठेव, धुणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि तरुण मुलांनी हाती घ्यावीत. समतेची भाषा बोलणाऱ्या घरात हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

रक्त कधी चढवायचे याचाही ठरलेला विचार आहे. साधारणपणे हिमोग्लोबिन सात-आठच्या खाली गेले किंवा त्रास जास्त असला तर लाल पेशींची पिशवी दिली जाते. एका पिशवीने प्रौढ माणसाचे हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमने वाढते. रक्त चढत असताना थंडी, ताप, कंबरदुखी, अंगाला खाज किंवा धाप जाणवली तर लगेच परिचारिकेला सांगावे, लाजू नये. काही ठिकाणी "रक्त वाढवण्याचे इंजेक्शन" सुचवले जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ते मोठा आधार आहे. कॅन्सरच्या रुग्णाबाबत मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली या इंजेक्शनांवर कडक इशारा छापायला लावला, कारण काही रुग्णांत त्यांमुळे आयुष्य घटल्याचे व गाठ वाढल्याचे दिसले होते. रोग पूर्ण बरा करण्याच्या हेतूने केमो चालू असेल तर ती देऊ नयेत, असा तेथील दंडक आहे. म्हणून असे महागडे इंजेक्शन कर्ज काढून आणण्यापूर्वी डॉक्टरांना नक्की विचारा : माझ्या बाबतीत हे का, आणि रक्त का नाही?

विचारण्याचा हा हक्क कुणाची मेहेरबानी नाही. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचारास संमती घेताना रुग्णाला त्या उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, परिणाम, पर्याय आणि ठळक धोके सांगितले पाहिजेत. क्वचित घडणाऱ्या गोष्टी सांगण्याचे बंधन नाही, हेही न्यायालयाने म्हटले. पण केमोने रक्त उतरणे ही क्वचित घडणारी गोष्ट नाही, ती नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा इंग्रजी छापील कागदावर अंगठा उमटवून घेतला म्हणजे माहिती दिली असे होत नाही. रुग्णाच्या भाषेत, रुग्णाला कळेल असे सांगितले पाहिजे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याचे कागदपत्र देणे बंधनकारक आहे. प्रत्येक सीबीसी रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि एका वहीत तारीखवार हिमोग्लोबिन लिहून ठेवा. चार आकडे एकाखाली एक आले की उतार कोणालाही दिसतो.

आता रक्ताच्या प्रश्नाकडे येऊ. ४ जानेवारी १९९६ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निकाल दिला. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत दोन वर्षांत बंद करा, राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा स्थापन करा, असा तो आदेश होता. १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणारा दाता कायद्याने बंद झाला. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने आणखी एक पाऊल टाकले. रुग्णाच्या नातेवाइकाकडून बदली रक्त घेण्याची पद्धतही हळूहळू संपवून पूर्णपणे स्वेच्छा रक्तदानावर यायचे, असे ते धोरण आहे. आज त्या धोरणाला वीसहून अधिक वर्षे झाली. तरीही कित्येक ठिकाणी खिडकीवर ऐकू येते, "आधी डोनर आणा." परभणी-बीडहून मुंबईत आलेल्या, परळच्या फुटपाथवर चूल मांडून राहणाऱ्या कुटुंबाने डोनर आणायचा कुठून? सोबत आलेला एकटा नवरा एकदा रक्त देईल. पुरुषाला पुन्हा रक्त देण्यासाठी ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावे लागते. रुग्णाला मात्र तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त लागते. शेवटी तो दलालाच्या हाती सापडतो आणि १९९८ साली बंद झालेला बाजार मागच्या दाराने पुन्हा भरतो.

रक्ताला किंमत नसते, आकार फक्त प्रक्रियेचा असतो. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०२२ च्या दरांनुसार लाल पेशींच्या पिशवीसाठी खाजगी रक्तकेंद्राला जास्तीत जास्त १,५५० रुपये घेता येतात. रक्त विकण्यासाठी नाही, प्रक्रिया शुल्काखेरीज काही घेऊ नका, अशी ताकीद देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या अखेरीस पुन्हा दिली. जास्त पैसे मागितले तर पावती घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही, हे वकील म्हणून आमचे सांगणे.

यात एक मोठी फट आहे आणि ती बुजवली पाहिजे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आणि वारंवार रक्त लागणारे इतर रक्तविकार असलेल्यांना रक्त मोफत द्यावे, असे परिषदेचे निर्देश आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकल सेल यांचा समावेश झाला. ही लढून मिळवलेली जागा आहे आणि विदर्भातील सिकल सेलग्रस्त आदिवासी व बौद्ध कुटुंबांना तिचे मोल ठाऊक आहे. पण केमोमुळे महिनोन्‌महिने रक्त लागणारा कॅन्सरचा रुग्ण या यादीत आपले नाव शोधतो तेव्हा ते सापडत नाही. त्याचा मूळ रोग रक्ताचा नाही ना! रोग कुठलाही असो, वारंवार रक्त लागते ही वस्तुस्थिती एकच आहे. मग वागणूक दोन तऱ्हेची का?

शासनाला हे जमत नाही असे नाही. २००४ साली देशात एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे सुरू झाली. त्यांतील झिडोवूडिन या औषधाने काहींचे रक्त उतरत असे. तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमानेच नियम केला : औषधापूर्वी हिमोग्लोबिन पाहायचे, सुरू केल्यावर ठराविक अंतराने पुन्हा पाहायचे, रक्त फार कमी असेल त्याला दुसरे औषध द्यायचे. हे सारे औषधाबरोबर, सरकारी केंद्रातच झाले. पुढे त्याहून सोसवणारी औषधे आली आणि ते औषध मागे पडले. औषधाचा दुष्परिणाम हा कार्यक्रमाचाच भाग मानला की काय होऊ शकते, याचा हा आपल्याच देशातला दाखला आहे. तोच न्याय कॅन्सरच्या रुग्णाला हवा.

पोटाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. हिमोग्लोबिन सात असलेला माणूस झाडू मारू शकत नाही, विटा उचलू शकत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे आणि पात्र कामगाराला त्यासाठी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगार आरोग्य विम्याची आखणी सोपवली गेली, त्यातून ही योजना उभी राहिली. पण कंत्राटी सफाई कामगाराचे नाव त्या विम्यात कंत्राटदाराने घातले आहे का, हे आपल्या संघटनांनी कधी तपासले? आजारी पडल्यावर नाव शोधण्यापेक्षा आजच पगारपत्रक पाहा. विमा कपात होते का आणि ती भरली जाते का, दोन्ही पाहा.

चळवळीनेही काही बदल केला पाहिजे. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपली मंडळे रक्तदान शिबिरे घेतात, ती अभिमानाची गोष्ट आहे. परंतु लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते. एप्रिलच्या मध्यावर दिलेले रक्त जूनपर्यंत पुरत नाही, आणि मे महिन्यात सुट्ट्यांमुळे दाते गावी गेलेले असतात. एका दिवशी दोनशे पिशव्या जमवून फोटो काढण्यापेक्षा त्याच दोनशे दात्यांना वर्षभरात वाटून घेतले तर त्याच रक्ताने अधिक माणसे वाचतील. प्रत्येक मंडळाने दात्यांची यादी गटवार करावी आणि महिन्यातून एक गट जवळच्या शासकीय रक्तकेंद्रात पाठवावा. रक्त देण्यासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. त्यामुळे शिबिरात आलेल्या अनेक भगिनी परत पाठवल्या जातात. त्यांना नुसते परत पाठवू नका. त्यांच्या हातात तो आकडा द्या आणि पुढच्या तपासणीची सोय करा. आजच्या नऊ हिमोग्लोबिनच्या बाईवर उद्या कोणताही मोठा उपचार करायची वेळ आली तर तो आकडाच तिच्या आड येणार आहे.

आमच्या मागण्या चार आहेत. केमो सुरू करण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाला रक्त उतरण्याची शक्यता मराठीत लेखी व तोंडी सांगितली जावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमो घेणाऱ्याची प्रत्येक रक्ततपासणी आणि प्रत्येक पिशवी ही त्याच उपचाराचा भाग मानली जावी, आणि तसे आरोग्यमित्राच्या टेबलावर फलकाने लिहिलेले असावे. उपचारामुळे वारंवार रक्त लागणाऱ्या रुग्णांचा मोफत रक्ताच्या यादीत समावेश व्हावा. बदली दाता आणल्याशिवाय रक्त न देणाऱ्या केंद्रांवर कारवाई व्हावी. यांतील एकही मागणी नव्या कायद्याची नाही. संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताचा हक्क आणि ४७ व्या कलमातील सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य यांच्या पलीकडचे आम्ही काही मागत नाही.

वाचकांनी एवढे करावे. आपल्या गल्लीत केमो चालू असलेले कोण आहे याची चौकशी या रविवारी विहारात करा. त्या घरी एक कार्यकर्ता नेमून द्या. पुढच्या डोसाच्या दोन दिवस आधी रक्ततपासणी झाली का, रिपोर्ट मिळाला का, रक्त लागणार असेल तर केंद्रात साठा आहे का, ही विचारपूस त्याने करावी. ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर साठा पाहता येतो. कार्यकर्त्याच्या मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्या दहा मिनिटांनी एखाद्या आईचा डोस वेळेवर होऊ शकतो.